घरी भरलेली काडतुसं

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
७ जुलै २०२४

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

भाऊजींचं गळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. आवाज गेला तो गेला, माणूस तर राहिला! तू लिहितेस, 'मला ऐकू येत नाही, ह्यांना बोलता येत नाही, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच घरात शांतता आहे.' तुझ्या भावजयीला, समताला, वाचून दाखवलं तर ती हसता हसता रडायला लागली. बोलायच्या यंत्रासाठी नागपूरचे डॉक्टर दिल्लीला पाठवणार असतील तर बिल्कुल संकोच करू नका. तारीख कळव, नाहीतर कळवूही नकोस, सरळ या. हॉस्पिटल इथून जवळ आहे आणि आपल्या घराला पाहुण्यांची सवय आहे. गेल्याच महिन्यात सिंदेवाहीचे एक गुरुजी किडनी दाखवायला आले होते. ओळख काय, तर त्यांचा साडू आपल्या बाबांचा विद्यार्थी. पंधरा दिवस राहिले आणि जाताना समताला चटण्या शिकवून गेले.

आता माझी बातमी. तुझी भाची श्रावस्ती बंदुकीनं हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडते, हे तुला माहीत आहे. (तू विचारलं होतंस म्हणून परत सांगतो, जीव कोणाचाही जात नाही, पहिलं शील शाबूत आहे.) पोरगी चांगली खेळते, दिल्लीच्या संघात यायची तिची लायकी आहे असं तिचे उल्हास सर म्हणतात. पण काडतुसं! एका दिवसाच्या सरावाला पिशवीभर लागतात. माझा निम्मा पगार तिच्या बंदुकीच्या नळीतून धूर होऊन जातो.

म्हणून मी काडतुसं घरी भरायचं यंत्र घेतलं. गुडगावच्या एका म्हाताऱ्या नेमबाजाकडून, जुनं. परवानगीची फाईल मीच टेबलाटेबलावर फिरवली, सरकारी नोकर आहे, त्यामुळे कागद पक्के. श्रावस्ती रेंजवरून रिकामी टरफलं गोळा करून आणते. मी मागच्या बाल्कनीत बसून त्यांना बुडाशी नवी, ठिणगी पाडणारी टोपी बसवतो, दारू घालतो, वर प्लास्टिकचा डाट, छर्रे, आणि हँडल ओढून तोंड बंद. झालं काडतूस! बाजारच्या निम्म्यात. ताई, मला इतका आनंद कशात मिळाला होता आठवत नाही. तिचा खेळ मला कळत नाही, पण तिच्या हातात माझ्या हातचं काहीतरी असतं.

भाऊजींना जयभीम सांग.

तुझा,
प्रफुल्ल

·

ब्रह्मपुरी
१८ जुलै २०२४

प्रिय प्रफुल्ल,
जयभीम.

बाप्पा! लोक घरी पापड करतात, वड्या करतात, माझा भाऊ काडतुसं करतो. ह्यांना तुझं पत्र दाखवलं, तर ह्यांनी स्लेटवर लिहिलं, 'मुरमुरे भरल्यासारखं लिहितो आहे.' स्लेट मीच घेऊन दिली ह्यांना. आधी तोंडानं टोमणे मारायचे, आता खडूनं मारतात. तंबाखूचा खर्रा सुटला एवढं मात्र खरं. गळा गेल्यावर सुटला, पण सुटला.

घरी केलं की स्वस्त पडतं, हा आपल्या घराण्याचा जुना रोग आहे बरं. बाबांनी साबण घरी केला होता, आठवतं? आईच्या हाताची सालं निघाली होती महिनाभर. पण तुझं तू बघ. तू केंद्र सरकारचा अधिकारी, मी जिल्हा परिषदेची रिटायर मास्तरीण, मी काय सांगू?

एकच विचारते. दारू घातली की नाही, हे बाहेरून दिसतं का? मी डबे भरताना साखरेच्या डब्यात दोनदा रवा घातलेला आहे.

इकडे वर्षावासाची तयारी चालू आहे. विहारात ग्रंथवाचन माझ्याकडेच असतं, मला ऐकू येत नसलं तरी वाचता येतं ना. दिल्लीला यायचं की नाही ते इथले डॉक्टर सांगतील. आलो तर तुझ्याकडेच येऊ, दुसरीकडे कुठे जाणार आम्ही?

तुझी ताई,
कमल

·

नवी दिल्ली
२५ ऑगस्ट २०२४

प्यारी आत्या,

जयभीम. माझं मराठी लिहायला कच्चं आहे, हसू नकोस. पहाडगंजच्या मराठी शाळेत पाचवीपर्यंतच होते, नंतर सगळं हिंदी-इंग्लिश. तुला फोनवर सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही, आणि घरात फोनवर बोलले तर पप्पा ऐकतील. मम्मीला पण सांगितलं नाहीये. हे कोणाला सांगू नको.

गेल्या शनिवारी रेंजवर मी ट्रिगर दाबला आणि धाड् असा आवाज आलाच नाही. फुस्स झालं. बस. मला वाटलं काडतूस खराब, दुसरं घालते. सवयीनं हात खिशात गेलाच होता. तेवढ्यात उल्हास सर ओरडले, 'रुक! रुक जा!' त्यांनी बंदूक घेतली, उघडली, नळीतून बघितलं तर पलीकडचं काही दिसेना. आत डाट अडकला होता. काडतुसात दारूच नव्हती आत्या. नुसत्या टोपीनं डाट अर्ध्यात ढकलला आणि तिथेच बसला. सर म्हणाले, वरून दुसरं मारलं असतं तर नळी फाटली असती, आणि डावा हात तिथेच असतो. माझा डावा हात.

त्यांनी विचारलं माल कुठला. मी खोटं बोलले, म्हटलं पुराना पडा था.

मला माहीत आहे ते कसं झालं. त्याच्या आधीच्या रविवारी पप्पा भरत बसले होते आणि मूल गावचे एक काका रिपोर्ट घेऊन आले. बेल वाजली की पप्पा कसे उठतात तुला माहीत आहे. हँडल अर्ध्यावर सोडून गेले. चहा केला, पोहे केले, काकांना ऑटोत बसवून आले. परत येऊन जिथे सोडलं तिथून चालू केलं. जिथे सोडलं असं त्यांना वाटलं, तिथून.

आत्या, आता मी बंदूक उचलली की तबकडी दिसायच्या आधी मला माझा हात दिसतो. डोळे मिटतात. सर म्हणतात तुला झालंय काय. पप्पांना सांगू कसं? ते ती काडतुसं डब्यात अशी ठेवतात ना, जसे दिवाळीचे लाडू. सांगितलं तर मरूनच जातील ते. तुझं ऐकतात. तू काहीतरी लिही, पण माझं नाव नको घेऊ, प्लीज.

मामाजींना जयभीम, त्यांचा गळा आता बरा आहे ना?

तुझी,
श्रावस्ती

·

ब्रह्मपुरी
३ सप्टेंबर २०२४

प्रिय प्रफुल्ल,
जयभीम.

आज मास्तरीण म्हणून लिहिते आहे, तेव्हा कान इकडे कर.

मी पेपर तपासायची तेव्हा मध्येच कोणी आलं की घोळ व्हायचा. एकदा एका पोराला तीन प्रश्नांचे मार्कच दिले नव्हते, नापास झालं होतं बिचारं. त्याची आई रडत आली तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी पेपर हातात घेतले की दाराला आतून कडी. कोणीही येवो. तुझ्या भाऊजींना अंगणात एक तास उभं ठेवलं आहे मी, पावसात.

तुझं काम तर मार्कांचं नाही, दारूचं आहे. पोरीच्या हातात जातं ते. म्हणून सांगते, काडतुसं भरायला बसलास की दार लाव. बेल बंद कर. फोन बंद कर. बाहेर कोण आहे, कुठून आलं, किती लांबून आलं, काही बघायचं नाही. हातातलं काम पुरं होईपर्यंत उठायचं नाही. दोन-तीन तासांनी पाहुणा काही मरत नाही, पुन्हा येईल.

तुला हे जड जाणार आहे, मला माहीत आहे. बाबांनी आपल्याला शिकवलं त्याच्या उलटं सांगते आहे. पण हे जमणार नसेल तर ते यंत्र आजच्या आज विकून टाक. मला शब्द दे.

तुझी ताई,
कमल

·

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

शब्द दिला आणि पाळलाही! उशिरा लिहितो आहे कारण आधी करून बघायचं होतं.

आता दर रविवारी दुपारी समता विहारात असते, श्रावस्ती रेंजवर, आणि मी आतून कडी लावून बसतो. बेलची वायर काढून ठेवतो, फोन बंद करून कपाटात. चार रविवार झाले, एकदाही उठलो नाही. प्रत्येक काडतूस हातात घेऊन तोलून बघतो. श्रावस्तीला मी सांगितलं, आत्याचा हुकूम आहे म्हणून. ती इतकी खूश झाली की माझ्या गळ्यातच पडली. का ते कळलं नाही, पण बरं वाटलं. तिचा खेळही परत जागेवर आलाय. मध्यंतरी काहीतरी बिघडलं होतं तिचं.

तुझ्यापासून काय लपवू, पहिल्या रविवारी फार त्रास झाला. कोणीतरी दार वाजवलं. दोनदा, तीनदा. मी हँडल धरून बसून राहिलो. नंतर खालच्या गार्डनं सांगितलं, गडचिरोलीकडचे कोणी होते, पेशंट बरोबर होता. दारावर चिठ्ठी लावावी म्हटलं, पण काय लिहिणार? सरकारी कॉलनीत 'आत काडतुसं भरणं चालू आहे' असं लिहू? मग तशीच सवय झाली. ताई, माणसाला कशाचीही सवय होते यार.

भाऊजींचं काय ठरलं? मी वाट बघतो आहे.

तुझा,
प्रफुल्ल

·

ब्रह्मपुरी
१४ ऑक्टोबर २०२४

लाडक्या श्रावस्ती,
जयभीम.

हे पत्र तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण तुझ्या पप्पाच्या हाती पडायला नको. तुझं गुपित मी ठेवलं, आता माझं तू ठेव.

आम्ही दिल्लीला येऊन गेलो. डॉक्टरांची वेळ अचानक मिळाली, सोमवारची. शुक्रवारी निघालो, नागपूरला पुतण्याकडे थांबलो आणि रविवारी दुपारी दिल्लीला उतरलो. मामाजी म्हणाले (म्हणजे लिहिलं), प्रफुल्लला फोनवर मेसेज टाकतो. ऑटो करून थेट तुमच्या दारात. बाहेर तुझ्या पप्पाच्या चपला होत्या, व्हरांड्याच्या खिडकीतून पंखा फिरताना दिसत होता. मी बेल दाबली. मला काही ऐकू येत नाही, ती वाजली की नाही मला काय ठाऊक? दाबतच राहिले. कोणी येईना. मामाजी दाराला कान लावून उभे होते. मग त्यांनी स्लेटवर लिहिलं, 'कोणी नाही.' मी म्हटलं, अहो, चपला आहेत ना! तर पुन्हा तेच लिहिलं आणि पायरीवर बसून घेतलं.

कितीतरी वेळ बसलो तिथे. मी म्हटलं वाट बघू, कोणीतरी येईलच. पण ऊन उतरल्यावर तेच उठले आणि लिहिलं, 'लॉज.' मी भांडले, त्यांनी ऐकलं नाही. गळ्याला भोक असलेला माणूस नातेवाइकांना दाखवायची लाज वाटत असणार, दुसरं काय? पहाडगंजला एका लॉजमध्ये राहिलो. रात्रभर गाद्यांच्या धुळीनं त्यांना खोकला. पोरी, मी खोटं सांगणार नाही, त्या रात्री तुझ्या पप्पाचा मला इतका राग आला की पुन्हा तोंड बघायचं नाही असं ठरवलं.

घरी आले तर दारात त्याचं पत्र पडलेलं. वाचलं, आणि डोक्याला हात लावला. कडी लावायला मीच सांगितलं होतं ना! लिहिलं होतं खरं, पण तो ऐकेल असं कुठे वाटलं होतं मला? आजवर त्यानं माझं एक ऐकलं नाही.

आता नीट ऐक. हे त्याला कळता कामा नये. कळलं की पुढच्या रविवारी तो दार उघडं टाकून बसेल, आणि मग तुझा हात. मला पायरीवर बसवलं त्याचं काही नाही. मामाजींचं बोलायचं यंत्र बसवायला डिसेंबरात पुन्हा बोलावलं आहे, तेव्हा शनिवारी येऊ.

तुझी आत्या

·

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
२७ ऑक्टोबर २०२४

ताई,

जयभीम कोणत्या तोंडानं लिहू?

श्रावस्तीनं तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं. तिला रागावू नकोस. दोन-तीन दिवस तिनं ते दप्तरात ठेवलं होतं. गेल्या रविवारी मी कडी लावायला उठलो तर ही दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, 'पप्पा, आधी भीती वाटायची म्हणून माझे डोळे मिटायचे. आता मिटले की आत्या पायरीवर दिसते. मला नको ती काडतुसं.' मग सगळं सांगितलं. फुस्स झालेलं, अडकलेला डाट, तिचा हात. ताई, माझ्या हातानं मी तिचा हात उडवला असता, आणि तुम्ही दोघींनी मला त्याची झळसुद्धा लागू दिली नाही.

मी ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरलो, घरी भरलेलं काडतूस किती स्वस्त पडतं. आज कोणी विचारलं तर काय सांगू? सांगू की माझी बहीण ब्रह्मपुरीहून आली, बहिरी, बरोबर मुका झालेला नवरा, माझ्या चपला बघत पायरीवर बसली आणि मी आत बसून काडतुसं तोलत होतो? गडचिरोलीचा तो पेशंट कोण होता, त्याचं पुढे काय झालं, तेही मला माहीत नाही. उघडं दार ठेवलं तर पोरीला धोका, बंद केलं तर हे. मला दोन्ही जमणार नाही. माझा तो पिंडच नाही.

यंत्र विकलं. काल एक जण घेऊन गेला. भरलेली काडतुसं डीलरकडे जमा करून टाकणार आहे, एकही घरात नको. तुम्ही पायरीवर बसलात त्या रविवारचा डबा तर वेगळा काढून ठेवलाय, त्याच्याकडे बघवत नाही.

दिल्लीच्या संघाची निवड पुढच्या महिन्यात आहे. श्रावस्ती म्हणते, सराव अर्धा करीन, चलेगा. चलेगा म्हणते, पण मला कळतं. माझ्यामुळे तिचं हे वर्षही जाणार.

भाऊजींच्या पाया पडतो. त्यांना लाज वाटली असं तू लिहिलंस. लाज मला वाटायला हवी.

प्रफुल्ल

·

ब्रह्मपुरी
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रफुल्ल,
जयभीम.

हे पत्र कमलला माहीत नाही. दळण आणायला म्हणून निघालो आहे, वाटेत पोस्टात टाकीन. मला लिहायची सवय नाही. एसटीत तीस वर्षं स्टिअरिंग धरलं, पेन कमीच. तेव्हा थोडक्यात लिहितो.

काडतुसं जमा केली नसशील तर थांब.

तुझ्या ताईला ऐकू येत नाही. मला येतं. आवाज गेला म्हणजे कानही गेले असं समजून लोक माझ्याशी ओरडून बोलतात. माझे कान चांगले आहेत. त्या दिवशी तुझ्या दाराला कान लावला तर आतून, पार मागच्या बाल्कनीतून, आवाज येत होता. खट्. मग छर्रे पडल्याची खरखर. पुन्हा खट्. एका लयीत. तू आत आहेस हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं.

श्रावस्तीचं ते पत्र मी वाचलं होतं. घरी येणारं पत्र मीच आधी फोडतो.

दारावर थाप मारायला मी हात वर केला होता. मग मनात आलं, आता थाप मारली तर हा उठेल. आपली थाप नाही ओळखणार, पण कोणी थकलेलं माणूस आहे एवढं ओळखेल आणि उठेलच. आणि हातातलं ते एक काडतूस तसंच राहील. मी हात खाली घेतला. कमलला लिहून दाखवलं, कोणी नाही. मेसेज टाकायचा राहिला होता, तोही मग मुद्दाम टाकला नाही. आणि संध्याकाळी परत आलो नाही, कारण आलो असतो तर तू कधी कडी लावली नसती. कमलला वाटतं मला गळ्याची लाज वाटली. वाटू दे. माझ्यावर चिडली की तिला बरं वाटतं.

आमच्या गाडीत माझ्या डोक्यावर लिहिलेलं असायचं, 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.' तीस वर्षांत एका माणसानं ते पाळलं नाही. मी तुझ्यासाठी पाळलं.

यंत्र विकलंस ते ठीक केलंस. तुझं घर पाहुण्यांचं आहे, ते तसंच राहू दे. आम्ही डिसेंबरात येतो आहोत, कमलला तुझ्या हातचे पोहे दे, तिचा राग त्याच्यावर जातो.

पण तो वेगळा काढलेला डबा जमा करू नकोस. निवडीच्या आधीच्या सरावाला श्रावस्तीला दे. त्यातलं एकही काडतूस भरताना तू उठला नाहीस, आवाज एकदाही तुटला नाही, मी शेवटपर्यंत ऐकत होतो, तो थांबल्यावरच पायरीवरून उठलो. पोरीला म्हणावं, डोळे उघडे ठेव आणि खुशाल चालव. तू भरत होतास तेव्हा मामाजी दारात बसले होते.

तुझा भाऊजी,
भाऊसाहेब